लॉ कॉलेज एखाद्या विशिष्ट क्षेत्राचा वकील घडवतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी केमिस्ट्री झालंय, तीन वर्षांच्या एलएलबीचं दुसरं वर्ष चालू आहे, आणि आयपीआर (पेटंट, ट्रेडमार्कसारखे बौद्धिक संपदेचे हक्क), टॅक्स किंवा रिअल इस्टेट यांपैकी एक क्षेत्र धरायचं आहे. कॉलेज त्यासाठी तयार करतं का, की सगळं बाहेरच शिकायचं?

मी पुणे जिल्ह्यात महसूल आणि हाउसिंग सोसायट्यांची कामं करतो, त्यामुळे उत्तर माझ्या खिडकीतून दिसतं तसं देतोय. कॉलेज कायदे विषयवार शिकवतं आणि वकिली चालते ती कोर्टवार. ‘मला प्रॉपर्टी लॉ आवडतो’ असं विद्यार्थी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक पेपर असतो. प्रत्यक्षात त्या एका नावाखाली दिवाणी न्यायालय येतं, प्रांताचं (महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याचं) ऑफिस येतं, सहकार न्यायालय येतं, बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं महारेरा येतं. प्रत्येक ठिकाणचे अर्ज वेगळे, मुदती वेगळ्या, बोलायची पद्धतही वेगळी. यातल्या एका ठिकाणी ज्याचं रोजचं येणं-जाणं असतं त्याला लोक त्या विषयातला ‘स्पेशालिस्ट’ म्हणतात.

माझंच क्षेत्र घ्या. वडील वारले, वारस नोंदीत एका बहिणीचं नाव राहिलं, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) मंजूर झाला. हिंदू वारसा कायद्यात मुलीला हक्क आहे हे कुठल्याही विद्यार्थ्याला पाठ असतं. पण तलाठ्याने घेतलेली नोंद मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केली, की त्याविरुद्ध जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली प्रांताकडे अपील करायचं असतं, मुदत 60 दिवसांची असते, ती उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत लागतो, आणि एवढं जिंकूनही मालकीचा वाद उरलाच तर त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो, हे सगळं एका साखळीत मांडून दाखवणाऱ्या तासाला मी तरी कधी बसलेलो नाही. लँड लॉजच्या पेपरात कलमं येतात. सातबारा, जुने फेरफार आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) समोर पसरून ‘गडबड नेमकी कुठल्या नोंदीत झाली ते शोध’ असं कुणी म्हणत नाही. सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरणही (बिल्डरने जमीन-इमारतीची मालकी दिली नाही तर ती आदेशाने सोसायटीच्या नावे करून घेणं) तसंच: मोफा, म्हणजे फ्लॅट खरेदीदारांसाठीचा कायदा, वाचलेला असतो, पण तो अर्ज न्यायालयात नव्हे तर जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा हे अनेकांना सनद (वकिलीचा परवाना) घेतल्यावर कळतं.

म्हणून कॉलेज निरुपयोगी, असं मात्र नाही. बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांत चार प्रॅक्टिकल पेपर सक्तीचे आहेत: ड्राफ्टिंग, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वाद निवारण, आणि मूट कोर्ट (सरावासाठीचं अभिरूप न्यायालय). मूटच्या पेपरात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून बघायचा असतो, अशिलाची मुलाखत कशी घेतात ते पाहून डायरी लिहायची असते. ड्राफ्टिंगच्या पेपरात पंधरा मसुदे न्यायालयीन कामाचे आणि पंधरा दस्तांचे. योजना उत्तम आहे. पण कित्येक ठिकाणी गेल्या वर्षीचं जर्नल सीनियरकडून घेऊन उतरवलं जातं आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) पाच मिनिटांत आटोपतो. तुम्ही उतरवू नका. तीस मसुद्यांपैकी निदान दहा तुमच्या क्षेत्रातले मागून घ्या. बहुतेक प्राध्यापक आनंदाने देतील, कारण तसं कुणी मागतच नाही.

इंटर्नशिपचंही तेच. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे लागतात, आणि एका वेळी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. मोठ्या फर्मचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून मुलं धडपडतात आणि तिथे महिनाभर फोटोकॉपीच्या फायली लावतात. त्यापेक्षा लहान चेंबर बरं, जिथे सीनियर खटल्याचा पुकारा झाल्यावर तुम्हाला मागे उभं करतो आणि संध्याकाळी रोजनामा (कोर्टातल्या त्या दिवसाच्या कामाची नोंद) वाचायला लावतो. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमध्ये, म्हणजे 1855 पासून चालत आलेल्या कॉलेजात, तास सकाळी लवकर उरकतात. उरलेला दिवस मुलं हायकोर्टाच्या आसपासच्या चेंबरांत असतात. त्या कॉलेजच्या नावामागे हे वेळापत्रकही आहे, असं माझं मत.

आता तुमचे तीन पर्याय. टॅक्समध्ये एक गोष्ट आधी समजून घ्या: आयकर अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत चार्टर्ड अकाउंटंटही अशिलाची बाजू मांडू शकतात, आणि आकड्यांत ते तुमच्यापेक्षा पुढे असणार. वकिलाची खरी जागा हायकोर्टापासून सुरू होते, कारण तिथे फक्त कायद्याचा प्रश्न उरतो. डीटीएल, म्हणजे टॅक्सेशनचा डिप्लोमा, विषयाची ओळख म्हणून ठीक. त्याच्या जोरावर कामं येत नाहीत.

रिअल इस्टेटबद्दल वर लिहिलंच. त्यात मराठी वाचण्या-लिहिण्यावर हुकूमत लागते, जुनी दस्ताची भाषा आणि जमल्यास मोडीसुद्धा. इंग्रजी माध्यमातून आलेली हुशार मुलं इथेच अडखळतात.

आयपीआरमध्ये तुमची बीएस्सी कामाला येते, आणि हे बहुतेक वर्गमित्रांकडे नाही. पेटंट एजंटच्या (पेटंट कार्यालयात अर्जदाराचं काम बघणाऱ्याच्या) परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. नुसती कायद्याची पदवी तिथे चालत नाही. त्यासाठी एलएलबी संपायची वाट बघायचीही गरज नाही, बीएस्सीच्या आधारावर तुम्ही शिकता शिकताच अर्ज करू शकता. औषध कंपन्यांच्या पेटंटचे वाद रसायनशास्त्रावरच लढले जातात: पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) वर (जास्त गुणकारी नसेल तर जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारणारं कलम) नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाचा जो निकाल सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये दिला, तो वाचून बघा. इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपाची चर्चा तुम्हाला समजली आणि कंटाळा आला नाही, तर इतर दोन पर्यायांचा फार विचार करू नका.

न्यायाधीश व्हायचाही विचार मनात असेल तर मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे, त्यामुळे चेंबर शोधणं टळत नाही. येत्या सुट्टीचे चार आठवडे पेटंटचं काम करणाऱ्या एखाद्या लहान चेंबरमध्ये घालवा, आणि अर्जात मूटची बक्षिसं लिहिण्याआधी केमिस्ट्री लिहा.