‘विकासाचा अनुशेष’ कसा मोजतात? पैसा देऊनही तो का भरत नाही?

सिंचन, रस्ते, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्राची राज्याची सरासरी काढायची. जिल्हा तिच्या जेवढा खाली, ती तूट भरून काढायचा खर्च म्हणजे अनुशेष. प्रादेशिक असमतोल तपासायला महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो ३,१८६ कोटी रुपये काढला. सर्वात मोठा वाटा सिंचनाचा.

गोम अशी, की आकडा त्या वेळच्या दराने गोठतो, धरणाचा खर्च मात्र दरवर्षी वाढतो. शिवाय मोजमाप बांधकामाचं. आरोग्य उपकेंद्राची इमारत झाली की अनुशेष भरला. आत एएनएमचं (परिचारिकेचं) पद रिकामं आणि दाराला कुलूप, हे हिशेबात येतच नाही. जिल्ह्याच्या सरासरीत मागास तालुकाही दडतो, म्हणून याच प्रश्नावर नंतर नेमलेल्या केळकर समितीने तालुका हा घटक धरला. माझ्या मते तेच योग्य. तुमच्या तालुक्याची तुलना करताना मंजूर नव्हे, भरलेली पदं विचारा.