मुलीला लढाऊ विमान उडवायचंय, पण चष्मा लागलाय. हवाई दलाचा नाद सोडावा का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ग्वाल्हेरचेच, मुलगी अकरावीत आहे, गणित-भौतिकशास्त्र घेतलंय, डोक्यावरून जाणारी मिराज लढाऊ विमानं बघत मोठी झाली आणि आता चष्मा लागल्यामुळे रडवेली झालीय. तिला दुसरं काही बघ म्हणून सांगावं का, असा तुमचा प्रश्न.

अजिबात सांगू नका. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो आणि नोकरीचा मोठा काळ इथेच, महाराजपूरच्या हवाई तळावर मिराजची देखभाल करण्यात गेला. विमान मी एकदाही उडवलं नाही, पण ते माझ्या सहीशिवाय उडत नव्हतं.

आपलं हवाई दल 8 ऑक्टोबर 1932 ला स्थापन झालं. पुढच्या एप्रिलमध्ये कराचीत पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा चार वापिती विमानं, मोजके अधिकारी आणि 19 हवाई शिपाई एवढाच संसार होता. त्या अधिकाऱ्यांतले सुब्रतो मुखर्जी पुढे हवाई दलप्रमुख झाले, त्यांचं नाव सगळे घेतात. त्या शिपायांची नावं कुणाला ठाऊक नसतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारगिल युद्धात 24 जून 1999 ला टायगर हिलवर मिराजनं लेझरनं नेम धरून बॉम्ब टाकला. त्यासाठीचा पॉड (नेम धरणारं, विमानाखाली लावायचं उपकरण) आणि बॉम्ब विमानावर चालते करायला जमिनीवरची माणसं ऐन लढाईच्या धामधुमीत राबली होती.

कामाचं स्वरूप सांगतो. काम संपलं की अवजारांच्या पेटीतला प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू ड्रायव्हर आपापल्या खाचेत बसलाय का ते बघायचं. एक जरी खाच रिकामी दिसली तरी विमान जागचं हलत नाही. सगळे मिळून शोधायचं, मग रात्र का होईना. मे महिन्यात इथल्या टारमॅकवर, म्हणजे विमानं उभी करायच्या पक्क्या जागेवर, विमानाच्या पत्र्याला हात लावला की चटका बसतो, तरी घाई करायची नाही. ज्याला ही शिस्त आवडते त्याला हवाई दल आपलं वाटतं.

आता तिच्यासाठी. फ्लाइंगचे डोळ्यांचे निकष खरंच कडक आहेत. आधी चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून नंबर नीट तपासून घ्या आणि जाहिरातीतल्या निकषांशी ताडून बघा. ग्राउंड ड्युटीला, म्हणजे जमिनीवरच्या कामांना, ठरावीक मर्यादेपर्यंत चष्मा चालतो. 2022 पासून एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलीही आहेत, तिथे हवाई दलासाठी फ्लाइंग आणि ग्राउंड ड्युटी दोन्ही असतं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा. लेखीत गणिताचे 300 आणि सामान्य क्षमतेचे 600 गुण, त्यानंतर 900 गुणांची एसएसबी (सैन्यदलांच्या निवड मंडळाची) मुलाखत. इंजिनिअरिंग करून एएफकॅट या हवाई दलाच्या अधिकारी प्रवेश परीक्षेतून टेक्निकल शाखेत जाणं हा माझ्या मते तिच्यासाठी सगळ्यात भरवशाचा रस्ता. बारावीनंतर अग्निवीर वायू ही हवाई दलातली चार वर्षांची भरतीही आहे, पण चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्केच कायम होतात, हे तिला आधीच सांगा.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. फ्लाइंगसाठी संगणकावरची वैमानिक निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. डोळे निकषात बसले, तर तिला तिथे पूर्ण तयारीनिशीच पाठवा.