चाको कॅन्यनला पहिल्यांदा जाताय? मग एवढं सांभाळा

चाको म्हणजे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतली, प्राचीन प्वेब्लो लोकांच्या दगडी वस्त्यांची दरी, आता राष्ट्रीय ऐतिहासिक पार्क. इथे भग्नावशेषांपेक्षा आधी रस्ताच परीक्षा घेतो. जीपीएसवर विसंबू नका, ते भलत्याच कच्च्या रस्त्याला लावतं. यूएस ५५० महामार्गावरून, ईशान्येकडूनच या. शेवटचा मोठा टप्पा कच्चा आहे आणि पावसात तिथली चिकणमाती चाकं धरून ठेवते, म्हणून निघण्यापूर्वी पार्कला फोन करून रस्त्याची स्थिती विचारा. आत पेट्रोल नाही, खायला नाही. टाकी भरूनच वळा.

पहिल्या दिवशी प्वेब्लो बोनितो ही इथली सर्वात प्रसिद्ध भग्न वास्तू निवांत बघा. सहाशेहून जास्त खोल्या आहेत, घाईत काहीच कळत नाही. मग अंगात जोर असेल तर कड्यावरच्या पठारावरच्या प्वेब्लो आल्तो या अवशेषांची वाट धरा. किन क्लेत्सो या वास्तूमागच्या कड्याच्या अरुंद फटीतून चढायचं. पूर्ण फेरी साधारण पावणेनऊ किलोमीटर. वरून बोनितोचा अर्धगोल आराखडा एका नजरेत येतो. फेरी जड वाटली तर तिथूनच परता, काही बिघडत नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- पाणी कमी नेणं. माणशी चार लिटर घ्या. वर सावली नाही, उंचीही सुमारे १,९०० मीटर.
- भिंतींवर चढणं, टेकणं.
- खापरं खिशात घालणं. तो गुन्हा आहे.
- मोकळ्या पठारावर असताना दुपारचे ढग दुर्लक्षित करणं. वीज पडते तिथे.