बुडवून रंगवलेल्या पट्टीची खालची बाजू जाड का होते?

आपण विचारले आहे की, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लोखंडी पट्ट्या रंगाच्या टाकीत बुडवून वर काढल्यावर वरच्या भागात थर पातळ आणि खाली जाड येतो, थिनर वाढवूनही ही तफावत जात नाही. तर याचा द्रवगतिकीशी, म्हणजे द्रव कसे वाहतात याच्या शास्त्राशी, काय संबंध, आणि या विषयात संशोधक नेमके करतात तरी काय? मी नाशिकमध्येच पातळ थरांच्या लेपनावर काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा वाटला.

डीएफटी, म्हणजे वाळलेल्या थराची जाडी, आपण रंग वाळल्यावर मोजतो, पण तिचा निकाल रंग ओला असतानाच्या पहिल्या काही मिनिटांत लागलेला असतो. त्या वेळात व्हिस्कॉसिटी (रंगाचा दाटपणा) रंगाला पट्टीसोबत वर ओढते, गुरुत्व खाली खेचते, पृष्ठताण पृष्ठभाग सपाट करू पाहतो आणि बाष्पीभवन या तिघांचेही बळ क्षणोक्षणी बदलत राहते. यांपैकी कोणत्या क्षणी कोणाचे चालते, हे शोधणे म्हणजेच आमचे काम.

पट्टी सावकाश वर काढली तर थर जवळजवळ एकसारखा बसतो. लांडाऊ आणि लेविच या शास्त्रज्ञांनी 1942 मध्ये त्याचे सूत्र मांडले. त्यानुसार वेग आठपट केला की थर चौपट जाड होतो. पाण्याच्या शंभरपट व्हिस्कॉसिटी, पाण्याच्या निम्म्याहून कमी पृष्ठताण आणि पाण्याइतकी घनता असलेला रंग घेतला आणि पट्टी सेकंदाला 1 मिलिमीटर या वेगाने काढली, तर ओला थर सुमारे 36 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) येतो.

वेगाने काढल्यास मात्र भरपूर रंग वर येतो आणि मग निथळत राहतो. जेफ्रीज या शास्त्रज्ञाने 1930 मध्ये दाखवले की निथळणाऱ्या थराची जाडी वरच्या टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. थिनरने आपले काम का झाले नाही, याचे उत्तर इथेच आहे. थिनर घातल्याने संपूर्ण थर पातळ होतो, परंतु वरच्या आणि खालच्या जाडीचे गुणोत्तर व्हिस्कॉसिटीवर अवलंबूनच नसल्यामुळे ते तसेच राहते.

अगदी टोकाच्या कडेची गोष्ट वेगळी आहे. तिथे लोंबणारा थेंब राहतोच, शिवाय कडेवरून थिनर लवकर उडतो, त्यामुळे तिथला पृष्ठताण वाढतो आणि तो आजूबाजूचा ओला रंग आपल्याकडे ओढून घेतो. नाशिकच्या वाइनरीत पेला हलवल्यावर काचेवर जे ओघळ चढतात आणि पुन्हा उतरतात, त्यांच्यामागेही हेच कारण आहे. अल्कोहोल उडाल्याने पृष्ठताण वाढतो. जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञाने 1855 मध्येच त्याचा उलगडा केला होता. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कारखान्यात हा दोष अधिक जाणवला, तर त्याचे नवल वाटू नये.

मला या विषयातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे जाडीचा घन. थर दुप्पट जाड केला की त्यावरच्या बारीक लाटा आठपट वेगाने सपाट होतात, पण त्यातून खाली ओघळणारा रंगही आठपट होतो. म्हणजे गुळगुळीतपणा हवा म्हणून जाड थर द्यावा, तर सॅगिंग होते, म्हणजे रंग ओघळतो. ढवळताना सैल होणारे आणि स्थिर राहिल्यावर घट्ट होणारे रंग तयार केले जातात ते या कोंडीतून वाट काढण्यासाठीच.

प्रयोगशाळेत मी काचपट्टी ग्लिसरीनमधून काढत असताना थरावर समान अंतराने आडव्या रेघा उमटत होत्या. कित्येक दिवस मी द्रवात दोष शोधत राहिलो. शेवटी काचपट्टी ओढणाऱ्या मोटरचा प्रत्येक बारीक धक्का एकेका रेघेशी जुळला. म्हणून आपणही रंगाच्या डब्याआधी होइस्टकडे, म्हणजे पट्टी वर खेचणाऱ्या यंत्राकडे, पाहावे, असे मला मनापासून वाटते.

एका पट्टीवर रंगाच्या वरच्या रेषेपासून 100 आणि 400 मिलिमीटरवर डीएफटी मोजा. दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण दुप्पट आला, तर दोष निथळण्याचा आहे. होइस्टचा वेग कमी करा. दोन्ही आकडे सारखे येऊन फक्त शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये जाडी असेल, तर पट्टी एक कोपरा खाली येईल अशी तिरकी टांगा, म्हणजे थेंब संपूर्ण कडेवर न साचता त्या एका कोपऱ्यातून गळून जाईल.