वाचकांचे प्रश्न : रिव्हॉल्व्हरच्या कामासाठी कारागीर कसा पारखावा?

प्रश्न : माझ्याकडे परवान्यावरील एक जुने डबल ॲक्शन (चाप ओढला की काडतुसावर घाव घालणारा हॅमर आपोआप मागे जाऊन सुटतो असे) रिव्हॉल्व्हर आहे आणि ते मी केवळ नेमबाजीच्या सरावासाठी वापरतो. चाप जड लागतो, मागची साइट (नेम धरण्याची खूण) काढून जुळवता येणारी बसवायची आहे, आणि ब्लूइंगही (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर) नव्याने करून घ्यावे असा विचार आहे. ओळखीचे एक कारागीर शॉटगनचे काम उत्तम करतात आणि त्यांनी पॉलिश केलेली शस्त्रे लखलखतात. त्यांच्याकडेच काम सोपवावे, की रिव्हॉल्व्हरचा जाणकार शोधावा?

उत्तर : रिव्हॉल्व्हरचा जाणकारच शोधावा, आणि तोही शक्यतो आपल्या शस्त्राच्या घराण्याचा. बाहेरून सारखी दिसणारी रिव्हॉल्व्हरे आतून बरीच वेगळी असतात. १९५५ साली आलेल्या मूळ कोल्ट पायथनचा सिलिंडर (काडतुसे भरण्याचा फिरता भाग) नेमबाजाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तर स्मिथ अँड वेसनचा उलट दिशेने. रुगरच्या जीपी १०० ला बाजूची झाकणपट्टीच नसते आणि त्याचा चापाचा संच खालून अखंड बाहेर येतो. एका यंत्रणेवर हात बसलेला माणूस दुसरीवर चाचपडू शकतो, आणि प्रामाणिक कारागीर ते स्वतःहून सांगतो.

लखलखाटाने मात्र भुलू नये. त्यांनी केलेले एखादे काम हातात घ्यावे, रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी आणि भिंगाखाली पाहावे. घाईने पॉलिश केलेल्या फ्रेमच्या कडा गोलावतात, नळीवरची अक्षरे पुसट होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवतीचे पोलाद बशीसारखे खोलगट होते. झाकणपट्टीचा सांधा केसाइतका बारीक आणि सर्वत्र सारखा दिसला पाहिजे. तो एका जागी रुंद असेल तर पट्टी काहीतरी खुपसून उचकटली होती, असे समजावे. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर पुढची चौकशी करण्याची मला तरी गरज वाटत नाही, कारण खाचेत चपखल बसणारा पेचकस बाळगणे ही या धंद्यातली पहिली शिस्त आहे.

त्यानंतर, काम हाती घेण्यापूर्वी आपण काय काय मोजता, असे विचारावे. खरा जाणकार चापाकडे वळण्याआधी सिलिंडरकडे पाहतो. चाप अगदी सावकाश ओढला असता हॅमर सुटण्याआधी सिलिंडर आपल्या जागी पक्का अडकला पाहिजे. हे प्रत्येक चेंबरबाबत, म्हणजे काडतुसाच्या प्रत्येक भोकाबाबत, स्वतंत्रपणे तपासावे लागते, कारण पाच चेंबर बिनचूक आणि सहावे किंचित मागे राहणारे, असा प्रकार जुन्या रिव्हॉल्व्हरांत नेहमी आढळतो. चेंबर आणि नळी एका रेषेत नसतील तर गोळी नळीच्या मागच्या तोंडाशी घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या नेमबाजाच्या गालाला ते आधी कळते. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट साधारणतः इंचाच्या चार ते आठ हजारांश असते. ती पट्ट्यांच्या गेजने मोजून, सिलिंडर पुढेमागे किती हलतो ते पाहून कारागिराने आकडे कागदावर लिहून दिले, तर आपण योग्य दारात उभे आहोत असे मानण्यास हरकत नाही.

चाप हलका करण्याचे काम सर्वांत फसवे आहे. शस्त्र न उघडताच ‘निम्म्याने हलका करून देतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. नुसती मुख्य स्प्रिंग कमजोर केली की रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप लोण्यासारखा चालतो, पण हॅमरचा घाव अपुरा पडून काडतूस पेटत नाही. सिंगल ॲक्शनमध्ये, म्हणजे हॅमर आधी हाताने मागे ओढून झाडताना, हॅमर अडकून राहतो त्या खाचेवरचा कठीण थर अनेक जुन्या शस्त्रांत पातळ असतो. दगडाने घासताना तो ओलांडला गेला की खाच झपाट्याने झिजते आणि शस्त्र धोक्याचे होते. म्हणून चांगला कारागीर आपणालाच उलट विचारतो की काडतूस कोणते, प्रायमर (घाव बसताच काडतूस पेटवणारी टिकली) कोणता आणि वापर कशासाठी. तो पृष्ठभाग गुळगुळीत करण्यावर भर देतो आणि हॅमर अडवणाऱ्या सुरक्षा-पट्टीला हातही लावत नाही.

तो कशाला नकार देतो, हेही विचारावे. अधिक दाबाच्या काडतुसासाठी जुने सिलिंडर रुंदावून देण्यास तयार असणारा माणूस नको. मोठ्या दाबाच्या कामासाठी जॉन लाइनबॉ यांच्यासारखे नामांकित कारागीर नवे पाच चेंबरचे सिलिंडर घडवत, ते उगीच नव्हे. त्यात चेंबरांच्या भिंती जाड राहतात आणि सिलिंडर जागी अडकवणाऱ्या खाचा चेंबरवर न येता दोन चेंबरांच्या मधे येतात.

शस्त्र सोपवताना, ते ठेवून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा परवाना त्यांच्याकडे आहे हे पाहावे, कामाची यादी लेखी घ्यावी आणि काढलेले सुटे भाग परत मागावेत. ब्लूइंग सर्वांत शेवटी, साइट बसवून आणि गोळ्या झाडून पाहिल्यानंतरच करावे. मुदत लांब सांगितली म्हणून नाराज होऊ नये. चांगल्या हातांकडे रांग असतेच.

प्रश्न : त्याच वेळी नळीही थोडी आखूड करून घ्यावी काय?

उत्तर : सरावाच्या शस्त्राची मुळीच करू नये. दोन साइटमधले अंतर घटते, पुढची साइट नव्याने बसवावी लागते, नळीचे पुढचे तोंड पुन्हा काटकोनात कोरावे लागते, आणि काही मॉडेलांत काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची पुढची अडकणच कापली जाते. शिवाय काही देशांत नळीच्या लांबीवरून शस्त्राचा कायदेशीर वर्ग ठरतो. कॅनडात १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात जाते. कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही, ती बदलावीच लागते.