पॅकिंग बदललं, गाडी चालू होईना

प्रश्न : आमच्याकडे २०१० सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेनं ऑइल झिरपत होतं. नाना पेठेतून पॅकिंग आणलं आणि रविवारी मी आणि माझ्या अकरावीतल्या मुलीनं मिळून घरीच बदललं. उघडलंच आहे म्हणून चारही प्लग नवे टाकले. सगळं परत जोडून चावी मारली, तर सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी चालू व्हायचं नाव घेत नाही. प्लग पुन्हा काढून पाहिले तर कोरडे, पेट्रोलचा वासही नाही. चावी ऑन केली की बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागतो. शेजारचे म्हणतात पेट्रोल पंप गेला. एका गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं की टायमिंग बेल्ट सरकला असेल. गाडी टो करून न्यावी का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : अजून टोइंगवाल्याला बोलावू नका, आणि पंप तर मुळीच विकत आणू नका. शनिवारपर्यंत बिनतक्रार चाललेला पंप नेमका तुम्ही कव्हर उघडल्यावरच जाईल, असं घडू शकतं. पण पहिली शंका घ्यायची ती हात लागलेल्या जागेवर. औंधच्या आयटीआयमध्ये मुलांना शिकवताना मी हेच आधी सांगायचो : कशाकशाला पाना लावला ते आठवा, आणि त्याच क्रमानं उलटे जा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चावी ऑन केल्यावर लागणारे दोन दिवे तुम्ही लिहिलेत. चेक इंजिनचा दिवा लिहिलेला नाही. तो राहून गेला, की लागतच नाही? हे आत्ता जाऊन पाहा. चावी ऑन असताना, सेल्फ न मारता, तो पिवळा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल आणि त्याचा बल्ब शाबूत असेल, तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, करंट मिळत नाही किंवा त्याची अर्थिंगची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी) जोडणी तुटलीय. ईसीयू बंद म्हणजे इंजेक्टर पेट्रोल सोडणार नाहीत आणि स्पार्कही पडणार नाही. कोरडे प्लग नेमकं हेच सांगताहेत.

मला दाट संशय अर्थिंगच्या वायरचा आहे. टॅपेट कव्हर काढायला एअर फिल्टरचा डबा, ब्रीदरचा पाइप, प्लगच्या वायरी आणि एखाददुसरा कपलर (वायरींचा जोड) काढावा लागतो. बऱ्याच गाड्यांत तिथेच, कव्हरच्या किंवा मॅनिफोल्डच्या एखाद्या बोल्टखाली, बारीक काळ्या अर्थ वायरींचा गोल थिंबल (टोकाची धातूची कडी) दाबलेला असतो. जोडताना बोल्ट परत बसतो, थिंबल मात्र मागे लोंबकळत राहतो, आणि त्यावर एअर फिल्टरचा डबा बसला की दिसतही नाही. तरीही सेल्फ जोरात फिरतो, कारण सेल्फचा करंट बॅटरीच्या जाड अर्थ केबलमधून जातो. ईसीयूच्या बारीक वायरीशी त्याचा संबंध नसतो. म्हणून सेल्फ चांगला म्हणजे वायरिंग चांगलं, असं धरून चालू नका.

एअर फिल्टरचा डबा पुन्हा काढा. टॉर्च धरून कव्हरच्या मागच्या बाजूला, बल्कहेडकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) पाहा. मुलीला पाहू द्या, लहान हात तिथे सहज जातात. थिंबल सापडला तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, थिंबल आणि त्याखालची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा. पॅकिंग बसवताना सिलिकॉन लावलं असेल तर त्याचा थर तिथे अजिबात राहता कामा नये. मग बोल्ट आवळा, पण कव्हरचे बोल्ट छोटे असतात आणि ते अॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये बसतात. जोर लावलात तर आटे जातील. नंतर केबल जोडून चावी ऑन करा आणि मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं त्या थिंबलला. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. जास्त आला तर अर्थ अजून कच्चा आहे.

थिंबल जागेवर असेल, तर बॉनेटखालचा फ्यूजबॉक्स उघडा. ईसीयूचा, इंजेक्टरचा आणि पंपाचा फ्यूज मीटरवर तपासा, नुसता डोळ्यांनी नाही. बॅटरी न काढता काम केलं असेल आणि पाना कुठे चुकून टेकला असेल, तर त्यातला एखादा उडालेला सापडेल.

चेक इंजिनचा दिवा नीट लागत असेल, तर वाट वेगळी. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद घरघर येते, ती ऐका. चावीचं चिन्ह असलेला दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून पाहा. प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या असत्या, तर गाडी खोकली असती, फटके मारले असते आणि प्लग पेट्रोलनं ओले निघाले असते. तुमच्याकडे तसं काही नाही.

बेल्टबद्दल म्हणाल, तर तो तुटला की सेल्फचा आवाजच बदलतो : इंजिन हलकं, सुसाट फिरतं. पूर्वीसारखाच आवाज येत असेल आणि बेल्टचं कव्हर तुम्ही उघडलं नसेल, तर ती शंका सगळ्यात शेवटी घ्या. फोनवरून बेल्टचं निदान करणं मला पटत नाही. तुमचे पैसे जातील आणि दोष तिथेच राहील.

दोन गोष्टी मात्र करू नका. सेल्फ सलग मारत राहू नका. पाच-सात सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा. आणि चौघांना बोलावून गाडी उतारावर ढकलून चालू करायला जाऊ नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं, तर तो तापून खराब होतो, आणि तो पॅकिंगच्या कैकपट महाग आहे.

मुलीला सोबत घेतलंत याचा मला फार आनंद झाला. दोष सापडेल तेव्हा पाना तिच्याच हातात असू द्या.

प्रश्न : बॅटरी घरीच बदलली. आता चावी फिरवली की नुसतं कट-कट होतं आणि दिवे मंद होतात. नवी बॅटरी खराब निघाली का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आधी मीटर खांबांवर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर चार्ज करून घ्या. सेल्फ मारताना खांबावर व्होल्टेज टिकून राहतं, पण त्याच वेळी टर्मिनलच्या क्लॅम्पवर एकदम कमी, तर बॅटरी निर्दोष आहे आणि जोड सैल आहे. जुन्या क्लॅम्पच्या आतला पांढरा क्षार गरम पाणी आणि खायचा सोडा लावून घासा, कोरडा करा, आणि हातानं हलणार नाही इतका आवळा. नव्या बॅटरीच्या खांबावरची प्लास्टिकची टोपी अर्धवट राहिली नाही ना, तेही पाहा. जोडताना प्लस आधी, मायनस नंतर.