हॉस्पिटलमधला जुना स्टाफ बदलाला तयार नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटरने काय करावं?

"सिनियर सिस्टर्स बदलायलाच तयार नाहीत" हे तुमचं वाक्य वाचलं आणि गॅसवरचा चहा उतू गेला. ४० बेडचं हॉस्पिटल, तुम्ही नवीन ॲडमिनिस्ट्रेटर, एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) करायचंय, ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) चेकलिस्ट कोणी नीट भरत नाही, म्हणून लीडरशिप कशी दाखवू असं विचारताय. दादा, मी नाशिकमध्येच २१ वर्षं ओटी सिस्टर होते, त्यातली ९ इनचार्ज, म्हणजे तुम्ही जिच्याबद्दल तक्रार करताय ती मीच.

आमच्याकडेही असेच एक साहेब आले होते. पहिल्याच मीटिंगला स्लाईड लावली, डब्ल्यूएचओची १९ मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट, ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांत वापरली, त्यात दिल्लीचंही एक, आणि ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. २००९ चा अभ्यास, खोटं काही नाही त्यात. उद्यापासून सगळ्यांनी भरायची, ऑडिट होणार. झालं, साहेब केबिनमध्ये गेले ते थेट असेसमेंटलाच ओटीच्या दारात दिसले.

आता ओटीत काय व्हायचं ते ऐका. चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव, ऑपरेशन, बाजू मोठ्याने बोलायची, तो टाइम आऊट. मी पहिल्या दिवशी वाचायला लागले तर आमचे मोठे सर म्हणाले, "सिस्टर, मी २५ वर्षं गुडघे करतोय, मला गुडघा शिकवू नका." सगळे हसले, मी पण हसले. त्यानंतर आम्ही काय करायचो, सकाळी लिस्ट आली की सगळ्या फॉर्मवर तिन्ही कॉलम (भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी भरायचे) टिक करून ठेवायचो, पेशंट अजून वॉर्डात चहा मागत असायचा (मिळायचा नाही, उपाशी ठेवलेला असायचा) आणि इकडे त्याचा मॉप काउंट (ऑपरेशनात वापरलेल्या कापडांची मोजणी) बरोबर आलेला. ऑडिटमध्ये १०० टक्के. साहेबांनी मिसळ पार्टी दिली.

आणि एक दिवस निफाडकडचा एक शेतकरी, दुर्बिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, बोर्डावर कोणीतरी उजवा लिहिलेलं. स्पायनल (कमरेतून भूल) देऊन झालं, उजव्या मांडीला टुर्निके (रक्त थांबवायचा पट्टा) बांधायला घेतला, तेव्हा कोपऱ्यातले वॉर्डबॉय मामा हळूच म्हणाले, "सर, मी डावा पाय तयार केला होता." केस पेपर बघितला तर डावाच. फॉर्मवर 'बाजू तपासली' यावर टिक होती आणि खाली सही माझी होती. कुणाला दोष देऊ? त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी मी इन्सिडंट फॉर्म (काय चुकलं त्याची नोंद) भरला, माझी चूक धरून सगळं लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं, म्हणे काही झालं तर नाही ना, असेसमेंट तोंडावर आहे, हे कशाला. मी फॉर्म मागे घेतला नाही. तर अप्रेझलमध्ये शेरा आला, 'बदलाला विरोध, निगेटिव्ह ॲटिट्यूड'. म्हणजे साहेबांच्या बदलाचा एकच फॉर्म मी खरा भरला आणि विरोधक मीच!

साहेबांच्या स्लाईडवर कॅनडाचा नंतरचा अभ्यास नव्हता. माझी मुलगी एमएस्सी नर्सिंग करत होती तिने दाखवलं, ओंटारिओत १०१ हॉस्पिटलांत हीच चेकलिस्ट लागू केली आणि मृत्यूंमध्ये किंवा गुंतागुंतीत दखल घेण्यासारखा फरक दिसला नाही, २०१४ चा अभ्यास. कारणांवर लोक अजून भांडतात, मला विचाराल तर त्या फॉर्मवर सकाळीच टिक करणाऱ्या सिस्टर तिकडेही असणार.

आमच्याकडे फरक पडला तो एका भूलतज्ज्ञ मॅडममुळे. वयाने सगळ्यात लहान. त्या म्हणाल्या, पायावर मार्करची खूण दिसल्याशिवाय मी सुई टोचणार नाही, आणि खरंच हात बांधून उभ्या राहिल्या. सर चिडले, २ केस लेट झाल्या, तिसऱ्या आठवड्यात सर स्वतः खिशात मार्कर घेऊन यायला लागले. नाव वाचायचं काम मॅडमनी मामांना दिलं. तेव्हा तुम्ही सिस्टर्सना ट्रेनिंग देण्याआधी तुमच्या मालक डॉक्टरांना थांबायला लावा, ते जमत नसेल तर फॉर्म छापायचा खर्च वाचवा. आणि आठवड्यातून एक सकाळ कपडे बदलून ओटीत उभे रहा, काही बोलू नका, नुसते बघा.

हां, सगळ्याच सिस्टर्स साध्या नसतात, कामचुकार मीही पाहिल्यात, त्यांची ड्युटी बदला. बिलिंग-फार्मसीच्या भानगडी मला कळत नाहीत, ते दुसऱ्या कोणाला विचारा.

पण अप्रेझलमध्ये 'बदलाला विरोध' लिहिण्याआधी तिने भरलेले इन्सिडंट फॉर्म एकदा काढून वाचा. मला त्या वर्षी ४०० रुपये इन्क्रिमेंट मिळालं. मामांना काहीच नाही, ते काँट्रॅक्टवर होते.